परतीच्या मालाचा खोका

गाठ सुटेना. मी नखानं ओढून पाहिली, मग दातानं. शेवटी मुख्याध्यापकांनी शिपायाकडून ब्लेड मागवलं आणि मी सुतळी कापली. खोका उघडून वरचं कॉमिक हातात घेतलं तर त्याला मुखपृष्ठच नव्हतं. त्याखालच्याची पहिली चार पानं गेलेली. तिसरं पाण्यात भिजून फुगलेलं.

समोर मैदानात तीनशेच्या आसपास मुलं रांगा करून बसली होती. सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावजवळची शाळा. स्नेहसंमेलनाचा पहिला दिवस, आणि मुलांना आठवडाभर आधी सांगून ठेवलेलं की हिंगोलीहून नवी कॉमिक्स येणार आहेत. जीपमधून मी एकच मोठा खोका आणला होता. तो उघडला, आणि आत परतीचा माल निघाला.

परतीचा माल म्हणजे काय, ते सांगतो. पुस्तकाच्या दुकानात काही प्रती खराब येतात. कधी पान उलटं शिवलेलं असतं, कधी छपाईच्या वेळी कागदाच्या एका बाजूला शाईच लागत नाही आणि पानं कोरी राहतात. काही प्रती दुकानात चाळून चाळून फाटतात. असा माल बाजूला काढून वितरकाकडे परत पाठवतात. तो विकायचा नसतो, दाखवायचाही नसतो.

हा माल बाजूला काढायचं काम गजाननचं. कनेरगाव नाक्याचा हा माणूस माझ्या दुकानातल्या कॉमिक्सच्या विभागाचा मॅनेजर होता. विभाग म्हणजे मागची एक खोली, तीन भिंतींना रॅक आणि बसायला सतरंजी. पण ती खोली त्यानंच उभी केली होती आणि तिथले नियमही त्याचेच होते. विक्रीच्या खोक्याला तो सुरगाठ मारायचा, एका ओढीत सुटणारी. परतीच्या खोक्याला निरगाठ, म्हणजे तो चुकूनही कोणी उघडू नये. हे त्यानं मला दोनदा सांगितलं होतं. मी मान हलवली होती.

त्या दिवशी तो गावाहून परस्पर शाळेत येणार होता. दोन्ही खोके त्यानं आदल्या दिवशी बांधून शेजारी शेजारी ठेवले होते. सकाळी जीपमध्ये खोका मी चढवला.

गजानन वारला त्याला आता आठ महिने झाले. हे मी सावकाश लिहितो आहे. एकेक वाक्य लिहून थांबतो, कारण पुढचं वाक्य मला नेहमीच ठाऊक असतं.

त्या प्रदर्शनाच्या आठवडाभर आधी मी त्याला शेवटची समज दिली होती. त्याचं कारण असं. फाटकं कॉमिक एखाद्या मुलाच्या हाती लागलं आणि पान नाही म्हणून त्यानं कुरकुर केली, की गजानन काउंटरमागून ते नसलेलं पान तोंडी सांगायचा. नुसतं सांगायचा नाही. राजा आला की त्याचा गळा जाड व्हायचा, म्हातारी आली की खांदे उतरायचे. मग मुलं मुद्दाम फाटकी कॉमिक्स शोधू लागली. नवी कोरी रॅकवर पडून. एकदा तर एका वकिलीणबाईंनी मुलासाठी चांगली प्रत परत करून पान गेलेली मागितली. मी गजाननला बोलावून म्हणालो की तू मॅनेजर आहेस, बहुरूपी नाहीस. शाळेचं प्रदर्शन नीट झालं नाही तर दुसरं काम बघ. तो म्हणाला, "बराबर हाय, भाऊ." घरी त्याची आई, बायको आणि दोन मुली होत्या. हे मला माहीत होतं, आणि माहीत असूनही मी बोललो.

तर ब्लेडनं कापलेली सुतळी माझ्या हातात होती. तिची गाठ अजून घट्ट होती. ती निरगाठ होती, हे मला तेव्हा कळलं.

मुख्याध्यापक चिडले. शिक्षणाधिकारी दुपारी येणार होते. त्यांनी खोक्यात हात घालून दोन प्रती उचलल्या, उलटसुलट केल्या आणि विचारलं, "हे पॅकिंग कोणी केलं?"

मी काही बोललो नाही. गजानन नुकताच गावाहून येऊन माझ्या शेजारी उभा होता. त्यानं सुतळीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. फार वेळ नाही.

"मी केलं, सर," तो म्हणाला. "माझी चूक झाली."

"असली माणसं ठेवता कशाला?" मुख्याध्यापक मला म्हणाले. मी तेव्हाही बोललो नाही. हिंगोलीला जाऊन दुसरा खोका आणायचा तर दोन-अडीच तास लागले असते. ते म्हणाले, मुलांना वर्गात पाठवतो, तुम्ही सामान उचला.

गजाननने त्यांच्याकडे पंधरा मिनिटं मागितली. त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. त्यानं ते हो समजलं.

त्यानं माइक घेतला, मुखपृष्ठ नसलेलं कॉमिक डोक्यावर धरून मुलांना दाखवलं आणि सरळ सांगून टाकलं की आज आणलेली सगळी पुस्तकं फाटकी आहेत. मुलांत गलका झाला. तो थांबला. मग म्हणाला, "ह्याचं पहिलं पान उंदरानं खाल्लं. म्हंजी गोष्ट कुठून सुरू व्हती ते फकस्त उंदराला ठाऊक हाय. आता त्याला विचारावं लागंल."

आणि त्यानं उंदराला विचारलं. तो उंदीर शाळेतल्या शिक्षकांसारखा बोलायचा, आधी हजेरी घ्यायचा. मुलं हसली, मागच्या बाकांवरचे शिक्षक त्याहून जास्त हसले. पंधरा मिनिटं केव्हाच उलटून गेली. एकामागून एक कॉमिक तो उचलत होता. एकाचा शेवट गेला होता, तो त्यानं सातवीच्या वर्गाकडून काढून घेतला. भिजलेल्या कॉमिकमधल्या माणसांना त्यानं सर्दी दिली. खिचडी शिजवणाऱ्या दोघी बायका पळ्या हातात घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या. खाली लागेल म्हणून एक आत निघाली तर दुसरीनं तिचा हात धरला. म्हणाली, "लागू दे. रोजच लागती."

मग त्यानं विहिरीत पडलेल्या हत्तीची गोष्ट घेतली. हत्तीचं पिल्लू. ते बोलत नव्हतं. गजानन माइक तोंडाजवळ धरून फक्त श्वास घेत होता, खोल आणि ओला. गाव जमलं, दोर आले, बैल जुंपले. त्यानं दोर ओढला तेव्हा पुढच्या रांगेतली मुलं बसल्या जागी मागे रेलली. त्यानं पान उलटलं.

पान कोरं होतं. मी मघाशी सांगितलेलं तेच, शाई न लागलेलं. त्याला ते ठाऊक होतं की नाही, मला आजही सांगता येत नाही. त्यानं माइक खाली ठेवला. ते कोरं पान दोन्ही हातांनी छातीसमोर धरलं आणि चित्र दाखवावं तसं डावीकडून उजवीकडे, अगदी हळू, सगळ्या रांगांना दाखवत गेला. काही बोलला नाही. चेहरासुद्धा केला नाही.

तीनशे मुलं गप्प होती. सेनगावच्या रस्त्यानं एक ट्रॅक्टर आला आणि गेला, तो मला पूर्ण ऐकू आला. मी तीस वर्षं पुस्तकं विकली आहेत. छापलेल्या पानाकडेही इतक्या माणसांना असं पाहताना मी कधी पाहिलेलं नाही. ते पान मी स्वतः खराब म्हणून बाजूला काढायला लावलं होतं.

पुढच्या रांगेतली एक मुलगी हळूच म्हणाली, "निघाला."

गजाननने मान हलवली आणि पान उलटलं. तेही कोरं. त्यानं पुन्हा तसंच दाखवलं.

"लंगडून राहिला," दुसरीकडून एक आवाज आला.

"व्हय," गजानन म्हणाला. तेवढंच. आणि कॉमिक मिटलं.

टाळ्या लगेच वाजल्या नाहीत.

शिक्षणाधिकारी आले तेव्हा गजानन पाचवं की सहावं कॉमिक सांगत होता. ते मागच्या बाजूला उभे राहून ऐकत राहिले, आणि सत्काराचा नारळ मुख्याध्यापकांच्या हातातच राहिला. निघताना मुख्याध्यापकांनी माझा हात हातात घेतला. पुढच्या वर्षी कॉमिक्स नसली तरी चालतील, हा माणूस पाठवा, म्हणाले. मी तेव्हा म्हणालो, "सर, खोका माझ्याकडून बदलला गेला. त्याची चूक नव्हती."

ते मोठ्यानं हसले. माझ्या पाठीवर थाप मारून गजाननला म्हणाले, "नशीबवान आहेस बाबा. असा मालक मिळत नाही."

परतीच्या वाटेवर सेनगाव आलं. मग मी विचारलं की गाठ पाहून तुला कळलं होतं ना.

"खोका पाह्यला तवाच कळलं व्हतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमी बोलाल असं वाटलं व्हतं, भाऊ." तो बाहेर हळदीच्या शेतांकडे पाहत होता. "मग म्हणलं जाऊ द्या, लेकरं बसून राहिलीत."

आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

त्याला काढायचा विषय मी पुन्हा काढला नाही. सहा महिन्यांनी तोच काम सोडून गेला. जाताना मागच्या खोलीत बसायला दुसरा माणूस आणून दिला आणि त्याला दोन्ही गाठी शिकवल्या. पुढची अकरा वर्षं तो शाळांतून, जत्रांतून, तांड्यांवरून फिरला. कुरुंद्यापासून पार वाशिमपर्यंत त्याला फाटक्या गोष्टीवाला म्हणत. एकदा कुरुंद्याला मी तिकीट काढून मागच्या रांगेत बसलो. त्यानं मला पाहिलं आणि कार्यक्रमानंतर स्वतः चहा आणून दिला. आमचं बोलणं त्याच्या मुलींच्या शिक्षणाचं झालं. दुसरं काही झालं नाही.

धंद्यातला धडा म्हणाल तर एवढाच. चूक कबूल करायची असेल तर ऐकणाऱ्याला ती चूक वाटते आहे तोवर करावी. नंतर केली की लोक तिला मोठेपणा समजतात, आणि तो परत घेणारा वितरक कुठे मिळत नाही.