परातीआडचे काका

समुद्रपूरला आमच्या शेजारी राहणारे कापडवाले काका खुर्चीवर बसण्याआधी ती हलवून पाहतात. एसटी पुरती थांबल्याशिवाय जागचे उठत नाहीत. मी त्यांना भित्रे समजत असे.

माझं रिमोटवरचं हेलिकॉप्टर सुरू केलं की थरथरायचं. दोन्ही पाती एका पातळीत फिरत नसावीत, असा संशय होता. ते कळायला कुणीतरी समोर बसून, नजर पात्यांच्या उंचीवर ठेवून बघायला हवं होतं. पातं निसटलं तर डोळा जायचा. ज्यांनी या हेलिकॉप्टरला ‘तालुक्याची शान’ म्हणून हार घातला होता, त्या क्रीडा मंडळाच्या अध्यक्षांना नेमकी तेव्हाच मीटिंग निघाली.

काका घरातून पितळी परात घेऊन आले आणि तिच्याआडून फक्त डोळे काढून मैदानात बसले. पात्यांच्या टोकांना मी लाल आणि पिवळी पट्टी चिकटवली होती.

"लाल वरतून चालून राह्यलं, बापू."

मी ते बंद करून लाल पात्याचा कोन बदलणारी दांडी थोडी फिरवली. पुन्हा सुरू केलं.

"अजून जरासक."

मग थरथर थांबली.

"काका, जमलं. उठा आता."

"पयले पंखा पुरा थांबू दे," परातीमागून उत्तर आलं.

हल्ली ते घरी आले की खुर्ची मीच आधी हलवून पाहतो.