पात्याला चिकटलेल्या रेघा

कुणाली विशेने ती चित्रं बुधवारी पाठवली, आणि शुक्रवारी दुपारी तिच्या ध्यानात आलं की त्यांत एक गोष्ट दिसायचीच राहिली होती.

धसईजवळच्या शेतकरी घरातली ही मुलगी. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून मुरबाडच्या एमआयडीसीत एका पंपाच्या कारखान्यात लागली, त्याला आठ महिने झाले होते. अजून कायम झाली नव्हती. पंपाच्या पोटात जे चाक फिरून पाणी फेकतं, त्याला इम्पेलर म्हणतात. त्याच्या वळणदार पात्यांवरून पाणी कसं वाहील, हे पंप बनण्याआधी कम्प्युटरवर रेघांनी दाखवायचं, हे तिचं काम. तिची आई देवकी शेजारणींना सांगायची, "आमची कुणाली पान्याची चित्रं काढते."

डोंगरावरच्या गावांच्या पाणीयोजनेसाठी नव्या जातीचे पंप करायचे होते. बुधवारच्या चित्रांत निळ्या-हिरव्या रेघा पात्यांमधून सुबक निघून जात होत्या. गिऱ्हाईक खूश झालं, नमुन्याचा पहिला इम्पेलर धातूत ओतूनही आला. शुक्रवारी तिने सहज एक सेटिंग बदललं. आधी रेघा दोन पात्यांमधल्या मोकळ्या पाण्यातून काढल्या होत्या, आता पात्याच्या अंगाला चिकटून काढल्या. बाहेरच्या टोकाजवळ त्या थबकल्या, मागे वळल्या आणि तिथेच गोल फिरत राहिल्या.

पाणी पात्यावर असं घुटमळलं तर पंप थरथरणार, वरच्या टाकीत पाणी कमी पडणार. आपलंच काही चुकलं असेल म्हणून तिने दोनदा सगळं नव्याने चालवलं. रेघा तिथेच वळल्या. घरी दोन दिवस ती अर्ध्या ताटावरून उठली.

"काय झाला गो?" आईने विचारलं.

"काय नाय, आये."

सोमवारी तिने डिझाइनचे प्रमुख ओमकार देसले यांना दोन्ही चित्रं दाखवली. त्यांनी ती शेजारी-शेजारी ठेवली.

"बुधवारी एक, आज दुसरं. दोन्ही तुझीच. खरं कुठलं?"

"माहीत नाही, सर."

"उद्या ओतकामवाले बाकीचे वीस ओतायला घेतायत. मी 'माहीत नाही' म्हणून त्यांना फोन करू?"

ती तिथून निघाली ती सरळ टेस्टिंगच्या शेडमध्ये गेली. शहापूरकडचे महादूमामा वीस वर्षं तिथे पंप तपासत होते. त्यांनी ऐकून घेतलं, तेलात गेरू कालवला आणि नमुन्याच्या पात्यांवर पातळ हात फिरवला.

"दोन मिन्टं फिरवू," ते म्हणाले. "पानी जिकडं जाईल तिकडं गेरू वढंल. मंग बघू."

पंप सुरू झाला, बंद झाला. मामा एकेक बोल्ट सोडवत होते आणि कुणाली ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. मागे कधीतरी ओमकार सर येऊन उभे राहिले होते, ते तिला कळलंही नाही. इम्पेलर बाहेर आला. गेरूचे ओघळ पात्यावरून सरळ गेले होते, आणि टोकाजवळ मागे मुरडून त्यांचा थर साचला होता. सहाही पात्यांवर.

"माझ्या चित्रात हे वळण आणखी दोन बोटं आत आहे," ती हळूच म्हणाली. "म्हणजे तेही नीट नाही."

सरांनी थरावरून बोट फिरवलं. मग तिथूनच ओतकामवाल्यांना फोन लावला. "थांबवा."

पात्याचं टोक तीनदा बदललं, तेव्हा कुठे गेरू सरळ गेला. पंप तीन आठवडे उशिरा निघाले. गिऱ्हाइकाची बोलणी सरांनी खाल्ली आणि त्यात कुणालीचं नाव घेतलं नाही. चूक तिची म्हणूनही नाही, ती तिने पकडली म्हणूनही नाही. याचा अर्थ काय लावायचा, हे तिला कायम झाल्याचं पत्र हातात पडल्यावरही उमगलं नाही.

पहिला पंप बसवायला महादूमामा डोंगरावर गेले. दुपारी त्यांचा फोन आला.

"टाकी भरली गो."

"आवाज कसा येतोय?"

"बरा हाय."

"बरा म्हंजे?"

मामांनी फोन पंपाजवळ धरला. कुणालीने दुसऱ्या कानात बोट घातलं आणि ऐकत राहिली.