पांढरीच्या टेकाडाची दुसरी प्रत

सर गेल्यावर तीन महिन्यांनी त्यांच्या पत्नीचा धुळ्याहून फोन आला. त्यांना घर सोडून मुलीकडे राहायला जायचं होतं आणि सरांचं एक कपाट तसंच होतं. आत काय आहे ते तुलाच कळेल, येऊन बघ, असं त्या म्हणाल्या. मी जळगावच्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. रविवारी सकाळच्या बसने निघाले. पारोळ्यापर्यंत झोप लागली. सरांबद्दल काही वाटायला हवं होतं, पण बस धुळ्याच्या स्टँडवर लागेपर्यंत मी फक्त कपाट किती मोठं असेल याचा विचार करत होते.

सरांबरोबर मी एकच हंगाम काम केलं होतं, बारा-तेरा वर्षांपूर्वी. नरडाण्याहून तापीकडे जाताना एका गावाबाहेर पांढरीचं टेकाड होतं. जुनी वस्ती उठून गेली की तिची राख, शेण, पडलेल्या भिंती एकात एक मुरतात आणि माती पांढरट होते. गावातले लोक ती माती घरांच्या धाब्यांवर घालायला न्यायचे, म्हणून टेकाड एका बाजूने कुरतडल्यासारखं दिसायचं. ते आणखी जायच्या आत सरांनी परवानगी काढून तिथे उत्खनन सुरू केलं. माझं एम. ए. झालं होतं, नोकरी नव्हती. सरांनी मला फोटो काढायचं आणि नोंदी ठेवायचं काम दिलं.

काम सोपं होतं. खड्ड्यात काही निघालं की शेजारी मोजपट्टी आणि खडूने क्रमांक लिहिलेली काळी पाटी ठेवून फोटो काढायचा. संध्याकाळी फोटो कॉम्प्युटरवर घ्यायचे, प्रत्येकाला नाव द्यायचं आणि त्यांच्या दोन सीडी करायच्या. एक सीडी सरांच्या घरी जायची, दुसरी धुळ्याला ते शिकवायचे त्या महाविद्यालयात. वहीत दोन रकाने होते, पहिली प्रत आणि दुसरी प्रत. दोन्हींत खूण झाली की कॅमेऱ्याचं कार्ड पुसायचं. सर एवढ्या एकाच बाबतीत कडक होते. खणलेलं पुन्हा खणता येत नाही, आपण टेकाड वाचत नाही, खर्च करतो, असं ते म्हणायचे. मागे राहते ती फक्त नोंद.

त्या हंगामात गावातल्या एक अक्का आमच्याकडे कामाला होत्या. पन्नाशीच्या, उंच, हात विलक्षण हलका. नाजूक जागा आली की सर बाकीच्यांना बाजूला करून त्यांना बोलवायचे. एका सकाळी घराच्या जमिनीखाली त्यांचं खुरपं थांबलं. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी पुरलेली होती आणि आत अगदी लहान मुलाची हाडं. तीन हजार वर्षांपूर्वीची माणसं आपली लहान मुलं अशी घरातच पुरत, हे मी पुस्तकात वाचलं होतं. प्रत्यक्ष पहिल्यांदाच बघत होते. तीन दिवस अक्का ब्रशने माती काढत होत्या आणि मी वर-खाली होऊन फोटो घेत होते. ऊन वाढत चाललं होतं आणि हाडं ठिसूळ होती, म्हणून रेखाचित्र नंतर फोटोंवरूनच करू, असं सरांनी ठरवलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी घरून, पहूरहून फोन आला. माझे वडील जामनेर डेपोत ड्रायव्हर होते. ड्युटी संपवून घरी आले, पाणी मागितलं आणि गेले. सरांनी मला गाडीने पहूरला पोचवलं. तेराव्यानंतर दोन दिवसांनी मी कामावर परत आले. आईने जा म्हटलं म्हणून आले.

त्या तीन दिवसांत संध्याकाळी फोटो उतरवायला वेळच मिळाला नव्हता, ते कार्डवर तसेच होते. संध्याकाळी मी ते कॉम्प्युटरवर घेतले आणि एक सीडी केली. दुसरी कोरी सीडी समोर होती. ती मी आत घातली नाही. का, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही सांगता येत नाही. थकले होते असंही नाही. वहीच्या दोन्ही रकान्यांत खूण केली आणि कार्ड पुसलं. दुसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, दोन्ही प्रती झाल्या ना? मी हो म्हटलं. हंगाम संपला, कॉम्प्युटर परत गेला, मला जळगावला नोकरी लागली. वर्षातून एकदा सरांचा फोन यायचा. अहवाल लिहायचा राहिलाय, म्हणायचे. मी कधी विषय काढला नाही.

कपाटात सीडींचे चार डबे होते आणि एक जुनी हार्ड डिस्क. कपाट पश्चिमेच्या भिंतीला, वर पत्रा. धुळ्याचा उन्हाळा बारा-तेरा वेळा त्यावरून गेला होता. पहिलीच सीडी हातात घेतली तर तिचा चंदेरी पापुद्रा बोटाला चिकटून आला. उजेडात धरलेल्या बहुतेक सीडींमधून पलीकडचं दिसत होतं, त्या तीन दिवसांच्या सीडीमधूनही. सरांच्या पत्नींनी चहा आणला. खराब झाल्या का, म्हणाल्या. मी म्हटलं, दुसऱ्या प्रती असतील महाविद्यालयात.

त्या खरंच होत्या. पुढच्या आठवड्यात मी रजा काढून गेले. तळमजल्यावरच्या एका गार खोलीत, लोखंडी कपाटात, कागदी पाकिटात घातलेल्या सगळ्या सीडी माझ्याच अक्षरात ओळीने लावलेल्या होत्या. एकही खराब नव्हती. दोन दिवस बसून सगळ्या उतरवून घेतल्या. एकच क्रमांक मध्ये नव्हता. तिथल्या शिपाईभाऊंनी बिचाऱ्यांनी सगळं कपाट हलवून बघितलं, खाली वाकून बॅटरी मारली. मी त्यांना शोधू दिलं. ती सीडी नाहीच आहे, हे मला त्यांना सांगता आलं असतं.

उरली हार्ड डिस्क. सरांनी कधीतरी घरच्या सीडींवरून तिच्यात फोटो उतरवून ठेवलेले असणार. जळगावला एक चाचा जुन्या डिस्क दुरुस्त करतात. त्यांच्या वडिलांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं, त्याच टेबलावर, तोच भिंगाचा चष्मा लावून ते काम करतात. डिस्क कानाला लावून त्यांनी ऐकली. फिरते आहे, पण वाचताना अडते, म्हणाले. आठ-दहा दिवस त्यांनी ती थोडी थोडी चालवली. गरम झाली की बंद करून ठेवायचे. शेवटी बोलावलं आणि सांगितलं की बरंचसं निघालं, पण फोटोंची नावं गेली आहेत, नुसते आकडे उरलेत, आणि काही फोटो अर्धे आहेत.

"बेटा, घरातल्यांचे फोटो आहेत का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, नाही, मातीचे आहेत. दुसऱ्या एका डिस्कवर त्यांनी सगळं न विचारता आणखी एकदा उतरवून दिलं.

मी ते फोटो महाविद्यालयाच्या सीडींशी एकेक जुळवत गेले. त्यात दीड महिना गेला. ग्रंथालयातून घरी यायचं, स्वयंपाक करायचा आणि बसायचं. शेवटी चार फोटो असे उरले, जे कुठल्याच सीडीवर नव्हते. दोनांत नुसती झाडलेली माती. तिसऱ्यात पाटी होती, पण उन्हाने खडूची अक्षरं पुसल्यासारखी. चौथ्याचा खालचा अर्धा भाग करडा पडला होता आणि वरच्या अर्ध्यात मातीत एक बाक दिसत होता. ती मडक्याची कड असेल, नाहीतर उंदराचं बीळ. मला ओळखता येईना. ते फोटो मीच काढले होते.

म्हणून अक्कांकडे गेले. अक्का आता बऱ्याच थकल्या आहेत, गुडघ्यांमुळे शेतात जात नाहीत. आधी मी टेकाड होतं तिथे गेले. तिथे आता सपाट शेत आहे, हरभरा होता. माती कुठल्यातरी बांधकामाच्या भरावाला गेली, असं शेताच्या मालकाने सांगितलं. आम्ही खणलं होतं त्या जागेवर उभं राहावं म्हटलं, पण ती कुठली ते कळायला काही खूणच नव्हती.

अक्कांनी मला लगेच ओळखलं. ओसरीवर खाट टाकायला लावली, सुनेला चहा सांगितला. मी लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला. पहिले दोन फोटो त्यांनी बघितले आणि मान हलवली. हा त्या खड्ड्याच्या वरचा थर, आदल्या दिवशीचा. कशावरून, मी विचारलं. कोपऱ्यातलं मूळ त्यांनी दाखवलं. ते त्यांनीच विळ्याने कापलं होतं. चौथ्या फोटोवर त्यांनी बोट ठेवलं ते बराच वेळ उचललं नाही.

"हाऊ तोच शे," त्या म्हणाल्या. "पोऱ्यानं मडकं." पोराचं मडकं, ज्यात ते लहान मूल पुरलेलं होतं.

मग मी त्यांना सांगितलं. बाकीचे फोटो नाहीत, दुसरी सीडी मी केलीच नव्हती, वहीत खोटी खूण केली आणि सरांनाही खोटं सांगितलं. बोलताना माझा आवाज नेहमीसारखाच होता. ग्रंथालयात पुस्तक उपलब्ध नाही हे मी याच आवाजात सांगते.

अक्का म्हणाल्या, "तवय तुन्हा बाप मरी गयथा."

मी म्हटलं, ते कारण नव्हतं. असेल नसेल, पण ते मला कारण म्हणून वापरायचं नव्हतं. त्यावर त्यांनी वाद घातला नाही. पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "बठ्ठं ध्यानमा शे माले. लिखी ले."

सगळं लक्षात आहे म्हणताहेत म्हटल्यावर मी मोबाइल रेकॉर्डिंगला लावला. त्या पाऊण तास बोलल्या, अहिराणीत, घाई न करता. मडक्यांची तोंडं कुठल्या बाजूला होती, मूल कोणत्या कुशीवर होतं, डोकं कुठे. एक मडकं जुनं, चुलीवरचं, बुडाला काजळी असलेलं, आणि दुसरं अगदी कोरं. हे आम्ही कुठेही लिहिलेलं नव्हतं. हातांजवळ दोन बारीक मणी होते. मणी वहीत नोंदलेले होते, पण कुठे सापडले ते नाही. जुनं मडकं घरातलं घेतलं असेल आणि नवं मुद्दाम केलं असेल, असं त्यांना वाटत होतं. पुराव्यात ते धरता येत नाही. मी थांबवलं नाही. शेवटी त्यांनी खाटेवर आडवं होऊन, गुडघे पोटाशी घेऊन, मूल कसं होतं ते दाखवलं. सून दारात उभी राहून बघत होती. मी त्याचा फोटो घेतला. मोजपट्टी नव्हती.

परतीच्या बसमध्ये मला रडू येईल असं वाटत होतं. आलं नाही. अमळनेरला गाडी थांबली तेव्हा मी खाली उतरून पाणी प्यायले आणि परत येऊन बसले.

ते सगळं मी एकत्र लावलं. प्रत्येक फोटोला पुन्हा नाव, सगळ्या नावांची यादी, अक्कांचं बोलणं जसंच्या तसं लिहून खाली प्रमाण मराठीत. तीन डिस्क केल्या आणि तिन्ही उघडून, फोटो मोजून बघितल्या. एक जळगावला, एक धुळ्याच्या महाविद्यालयात, एक सरांच्या मुलीकडे. हरवलेल्या क्रमांकापुढे मी लिहिलं की या तीन दिवसांची दुसरी प्रत केली गेली नव्हती, वहीतली खूण खोटी आहे आणि ती मी केली. खाली माझं नाव.

धुळ्याच्या विभागप्रमुखांनी ते वाचलं. वयाने माझ्याहून लहान, भले गृहस्थ. एवढं कशाला लिहायचं, असं त्यांचं म्हणणं होतं. तांत्रिक कारणास्तव उपलब्ध नाही, असं लिहिलं तरी चालतं, सगळीकडे तसंच लिहितात. मॅडम, उगाच तुमच्यावर कशाला, म्हणाले.

"नंतर कोणी हे वाचेल, त्याला ती सीडी शोधत बसावं लागेल," मी म्हटलं. "ती नाहीच, हे त्याला कळू दे."

त्यांनी स्वीकारल्याची सही केली. डिस्क लोखंडी कपाटात ठेवताना शिपाईभाऊ मला म्हणाले, सापडली का मग ती? मी त्यांनाही सांगितलं. त्यांनी बरं म्हटलं आणि कुलूप लावलं. जळगावची गाडी सुटायला अजून तासभर होता. मी कँटीनमध्ये जाऊन जेवले.