निम्मे-निम्मे

१४ मार्च रोजी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या बारक्याने स्वतःच्या गाण्यांच्या दोनशे तबकड्या काढण्याचे अठ्ठेचाळीस हजार सातशे पन्नास रुपये भरले. निम्मे त्याचे, निम्मे थोरल्या बहिणीचे. लहानपणी खोडरबरसुद्धा दोघांनी ब्लेडने मधोमध कापून घेतला होता. पुढे आपल्या गाण्याच्या जोडीचे नावही त्यांनी ‘निम्मे-निम्मे’ ठेवले.

अडतीस वर्षांपूर्वी त्याने भंगारातल्या ऑर्गनच्या पट्ट्यांना रेडिओचे सुटे भाग जोडून सिंथेसायझर बनवला होता. ताई दिवसभर वकिलाकडे टाइपरायटर बडवी आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात उभी राहून गाई. आज त्या गाण्यांना न्यू वेव्ह, म्हणजे नव्या लाटेचे संगीत म्हणतात; तेव्हा शेजारी त्यांना पिठाची गिरणी म्हणत. यंत्राचा सूर टिकत नसे, म्हणून बारक्या तो फ्रिजच्या घरघरीशी जुळवून घेई. गाणे चालू असताना फ्रिज थांबला की दोघेही थांबत, तो पुन्हा सुरू होईपर्यंत. रेकॉर्डिंगची कॅसेट मात्र फिरतच राही.

जुन्या कॅसेटी शोधत हिंडणाऱ्या एका तरुणाच्या हाती त्या लागल्या आणि पहिला अल्बम ठरला, तोवर ताईचे स्वरयंत्र काढून टाकलेले होते. ती पाटीवर लिहून बोले. डॉक्टरांनी मार्चमध्येच दोन-तीन महिने सांगितले होते. आपला आवाज एकदा तबकडीवर ऐकायचा, एवढेच तिचे मागणे होते.

नमुन्याची तबकडी एप्रिलअखेर आली. बारक्याने ती खाटेशेजारी लावली. पहिले गाणे संपायच्या आत ताईने पाटी ओढली.

‘फ्रिज कुठे गेला?’

त्या तरुणाने फोनवर कौतुकाने सांगितले, “काका, सगळी घरघर काढून टाकली. आता कसं, काचेसारखं स्वच्छ.”

“अरे बाबा, तो आमचा तंबोरा होता,” बारक्या म्हणाला.

घरघर गेल्यावर ताई बेसूर वाटत होती, आणि दोघे मध्येच ओळी विसरल्यासारखे गप्प होत होते. तरुण ओशाळला. तबकड्यांच्या नव्या साच्याचा खर्च त्याने अंगावर घेतला; नमुन्याच्या पार्सलच्या जाण्यायेण्याचे अकराशे पन्नास मात्र यांच्याकडे लागणार होते. वेळ सहा आठवडे.

“ताई, आहे ते चालवून घेऊ,” बारक्या म्हणाला. “सहा आठवडे म्हणजे...”

तिने लिहिले, ‘बेसूर जायचं नाही मला. परत पाठव.’ मग ते पुसून, ‘पार्सलचे निम्मे माझे. पेन्शन झाली की देते.’

पाचव्या आठवड्यात ताई गेली. पेन्शन व्हायला चार दिवस होते.

तबकड्या १२ जूनला आल्या. बारक्याने एक स्वयंपाकघरातच लावली. घरघरीवर ताईचा आवाज अलगद बसला. दुसऱ्या कडव्यात तबकडीवरचा फ्रिज थांबला, तसा तोही हातातले फडके धरून थांबला. त्या शांततेत ताईचा श्वास ऐकू येत होता. मग फ्रिज सुरू झाला आणि ती पुढे गाऊ लागली.

पार्सलच्या खर्चापैकी ताईच्या वाट्याचे पाचशे पंच्याहत्तर रुपये अजून येणे आहेत.