पहिलं बोट माझं

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही — आणि तिला तर माझा चेहरा पाहूनच सगळं कळतं. तुम्ही ऐका. मधे अडखळलो तर अडखळू द्या.

एकोणीसशे पन्नास साल उलटून काही वर्षं झाली होती. वर्ध्याच्या एका दवाखान्यात, रक्त तपासायच्या खोलीत मी मदतनीस होतो. नागपूरहून एक डॉक्टर सर अभ्यासाला येत. एक आजार असा, की रक्तातल्या गोल पेशी वाकून विळ्यासारख्या होतात. हाडं ठणकतात, डोळे पिवळे पडतात. आईबापांकडून येतो. सरांचं ठाम मत, हा ठरावीक जातीजमातींचाच आजार. म्हणून आम्ही सेलूकडच्या गावांत जायचो ते फक्त गावाबाहेरच्या वस्तीत. आमच्यासारख्या शेतकऱ्यांच्या आळीत कधीच नाही. आणि मला — आता खोटं कशाला बोलू? — बरं वाटायचं. आपण रक्तानंसुद्धा वेगळे, वा रे वा!

बोट टोचायला लोक भीत. मग मी सुई आधी माझ्याच बोटात खुपसायचो. "पाहा, काईच होत नाई!" काचेवर थेंब घ्यायचा, वर पातळ काच ठेवायची, हवा लागू नये म्हणून कडेनं मेण लावायचं. दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली पाहायचं. माझी काच मात्र आम्ही तशीच धुवून टाकत असू. ती कशाला पाहायची?

एकदा ती राहून गेली. गंमत म्हणून पाहिली — विळेच विळे.

वाटलं, अदलाबदल झाली असेल. पुन्हा बोट टोचलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सर बाजूच्याच खोलीत चहा पीत होते. एक हाक मारायची, एवढंच काम होतं ना? मी काच धुतली आणि जागेवर ठेवून दिली.

मला स्वतःला काही त्रास नव्हता. आई-बाप दोघांकडून आला तरच तो छळतो, हे मला माहीत होतं. पण माझी धाकटी बहीण शांता केळझरजवळ दिलेली, आमच्याच नात्यागोत्यात. तिची मुलगी कुसुम हातपाय धरून रडायची. डोळे हळदीसारखे पिवळे. काच पाहिली त्याच क्षणी मला कुसुम आठवली होती.

शांतानं विचारलंही. "दादा, तू त रक्त तपासतं नं? माह्या पोरीले काय होऊन राह्यलं, सांग बरं."

"वात हाये," मी म्हणालो. "जाईन आपोआप."

वस्तीतल्या आयांना मी तोंडपाठ सांगायचो — लेकराला थंड पाण्यात जाऊ देऊ नका, दमू देऊ नका, दुखलं की लगेच दवाखान्यात आणा. आणि माझी भाची? थंडीच्या दिवसांत भल्या सकाळी टाक्यात उभी राहून आईसोबत मेथी अन् मुळे धुवायची, बाजारासाठी. तिचे ओठ काळेनिळे पडलेले मी पाहिले. पुढे तिच्या पोटावर डागण्या दिल्या, त्यांचे वणही पाहिले. चहा प्यालो, भाजीची जुडी घेतली आणि घरी आलो.

शांताला सासरी बोल लागतील म्हणून गप्प राहिलो, असं मी पुष्कळ वर्षं मनाशी घोकलं. थापा सगळ्या! ज्यांच्या विहिरीचं पाणी आम्ही पीत नव्हतो, त्यांचा आजार आमच्या घरात निघाला — मला त्याची लाज वाटली. बस, एवढंच.

कुसुम पौषात गेली. मी पोचलो तेव्हा शांता तिचे पाय चोळत बसली होती, अजून गरम होतील म्हणून. मला पाहून तिनं माझा हात धरला.

"डॉक्टरलेबी नाई समजलं, दादा. तुले मालूम असतं त तू सांगतलंच असतं नं?"

"हो," मी म्हणालो. "सांगतलं असतं."