आतोबांची आढी

निर्णय घ्यावा तर आमच्या आतोबांनी. बाकी आपण सगळे नुसती घाई करतो. हे मी लिहिते आहे याचं मलाच नवल वाटतं, कारण मी पत्रकं वाचत आणि वाटत मोठी झाले, आणि आमच्या पत्रकांत मॅनेजर पहिल्या परिच्छेदात मालकाचा हस्तक असतो नि शेवटच्या परिच्छेदात त्याचा धिक्कार असतो. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. पावसच्या रस्त्यावर हापूसच्या फोडी डब्यात भरण्याचा कारखाना आहे, तिथे ते निवृत्त होईपर्यंत मॅनेजर होते.

मोठा प्रश्न आला की ते म्हणत, "आढीत घाला." आंबा पेंढ्यात पिकत घालतात तसा प्रश्न डोक्यात ठेवायचा, मधूनमधून वास घ्यायचा, पण दाबून बघायचा नाही. "दाबून बघणारा आंबाही नासवतो नि धंदाही." त्यांचं ते वास घेणं बघून नवखा माणूस चक्रावून जाई. बागांतला माल गोळा करायची शेड कुठे बांधावी यासाठी मालकांनी मुंबईहून नकाशे पाठवले, तर हे नकाशे गुंडाळून टेम्पोवाल्यांना विचारत हिंडले, "भरलेल्या गाडीला चढावर कितवा गिअर टाकतोस रे?" लोकांना वाटलं, साहेबांना ऊन बाधलं. भरलेली गाडी चढावर हिसके खाते हे कळलं, नि शेवटी शेड चढाच्या पायथ्याशी झाली, माल तिथेच निवडून नीट रचून वर येऊ लागला, आणि पेट्यांच्या तळाचे आंबे चेंगरायचे थांबले. शिवाय प्रत्येक निर्णय ते दोनदा तपासत, एकदा उपाशीपोटी आणि एकदा जेवल्यावर. "भुकेला माणूस भितो, आणि बांगड्याचं कालवण जेवलेला माणूस हुरळतो. दोघांचं एकमत झालं तरच सही." त्यात समोरच्याची बाजू स्वतः मांडायची खोड. आत्याला मोठा फ्रीज हवा होता. आतोबांनी आधी तिची बाजू मांडली, मग स्वतःची. आत्या अजून सांगते, "माझी बाजू ह्यांनी इतकी झकास मांडली गो, की त्यापुढे मला काही बोलायलाच उरलं नाही. फ्रीज तेवढा राहिला."

एका हंगामाच्या तोंडावर मालकांनी फोडी कापणारं यंत्र आणायचं ठरवलं. यंत्र आलं असतं तर कापणीच्या शेडमधल्या साऱ्या बाया घरी बसल्या असत्या. त्यांतल्या कित्येकींच्या घराला वर्षभर तोच हंगाम पुरवावा लागे. मी पेटले. 'मॅनेजर, जबाब दो!' असं पत्रक लिहिलं आणि छापण्याआधी त्यांनाच वाचायला दिलं. शत्रूला पूर्वसूचना द्यावी हे माझं तत्त्व. त्यांनी पडवीत बसून ते दोनदा वाचलं.

"जळजळीत आहे. पण सगळीकडे शोषण आहे, आंबा कुठेच नाही."

"आतोबा, हा माणसांचा प्रश्न आहे!"

"मालकाला माणसं मुंबईतून दिसत नाहीत गो. आंबा दिसतो. बस, आता मी यंत्राची बाजू मांडतो, तू पाड."

संध्याकाळभर मी पाडत होते आणि पडत होते. यंत्र दमत नाही, यंत्र हात कापून घेत नाही, शेजारच्या कारखान्यात ते आलंसुद्धा. मला रडू यायच्या बेताला त्यांनी विचारलं, "आणि साका?" साका झालेला हापूस बाहेरून राजासारखा दिसतो, कापला की आत पांढरट, आंबूस गर. सुरी लागताक्षणी बाया तेवढा भाग उडवून देतात. "यंत्र त्याच्या फोडी करून डब्यात भरेल. लिही हे," ते म्हणाले आणि आत गेले.

पुढे कितीतरी दिवस ते त्यावर चकार शब्द बोलले नाहीत. बाया आत्याला विचारत, "वयनी, साहेबांचं काय ठरलं?" आत्या म्हणे, "पेंढा हलतोय एवढं खरं." मग एका सकाळी मालकांचा फोन आला. मी नि आत्या स्वयंपाकघराच्या दाराशी श्वास रोखून उभ्या. आतोबा अजून चहासुद्धा प्यायले नव्हते. जेवल्यावरचं मत आदल्या दुपारीच घेऊन झालं होतं.

"पेट्या उचलायला यंत्र जरूर आणा, शेट. पाठी वाचतील. पण साका ओळखणारी नजर विकत मिळत नाही. आणि एका डब्याचीही तक्रार आली, तर माझ्या खुर्चीवर दुसरा बसवा."

आत्याने माझा दंड इतका आवळला की वळ उठला. पलीकडून मालक म्हणाले, "एक हंगाम बघू." तो हंगाम निभावला, त्यानंतरचेही. माझं पत्रक छापायचं राहूनच गेलं. त्यातला साक्याचा परिच्छेद तेवढा मालकांपर्यंत पोचला, तोही मॅनेजरच्या तोंडून.

आता खुर्चीवर तरुण साहेब आहेत आणि यंत्राचा विषय पुन्हा निघाला आहे. बाया संध्याकाळी आतोबांच्या पडवीत येतात, आतोबा आधी साहेबांची बाजू मांडतात, मग बायांकडून उत्तरं घोटून घेतात. पण त्यांचा मुलगा आतोबांना नि आत्याला पुण्याला कायमचं बोलावतो आहे. तो प्रश्नही आढीत आहे. परवा मी विचारलं तर म्हणाले, "उपाशीपोटी वाटतं, जावं. आता म्हातारपण, दुखलंखुपलं कोण बघणार. जेवलो की वाटतं, कुठं जायचं हे सोडून."

सिद्धांतात हे कुठे बसतं मला ठाऊक नाही. पण हल्ली त्यांच्याकडे जाताना मी मिरकरवाड्याच्या बंदरावरून बांगडे घेऊन जाते. आत्या पिशवीत डोकावते आणि नारळ फोडायला घेते.