गिरकरबाईंचो राखणो

वेंगुर्ल्याच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या प्रेमलता गिरकर यांनी आयुष्यात एकच गेम बनवला. त्यात बंदूक नव्हती, मारामारी नव्हती, गाड्या पळत नव्हत्या. काजूच्या बागेत एक राखणदार फिरायचा, आणि एका मुलीने त्याच्या नजरेला न पडता काजू काढून परत यायचं, एवढाच खेळ. मालवणीत राखणदाराला राखणो म्हणतात, म्हणून गेमचं नावही राखणो. लपतछपत खेळायचे गेम पुढे जगभर निघाले आणि त्यांना मोठमोठी नावं मिळाली, पण बाईंना तेव्हा त्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना ठाऊक होता फक्त दाजी.

दाजी बंदराच्या वरच्या अंगाला असलेल्या बागेचा राखणदार. बाई लहान असताना, म्हणजे सत्तर सालाच्या आसपास, त्या आणि त्यांचा धाकटा भाऊ विनीत एप्रिल उजाडला की त्या बागेत शिरायचे. बाप मासेमारीला गेलेला, आई राधाबाई मासळीची पाटी घेऊन बाजारात. घरी विचारणारं कुणी नसे. बागेला चिऱ्यांचा गडगा होता, पोरांच्या छातीएवढा उंच. त्याच्या आडोशाला बसायचं आणि दाजीवर नजर ठेवायची. गुडघ्यापर्यंत धोतर, खांद्यावर टॉवेल, हातात फोक. तो विहिरीपाशी यायचा, खाली वाकून पाण्यात बघायचा, मग खोकायचा आणि वळून परत बागेच्या या टोकाला यायचा. तो विहिरीकडे गेला की उडी मारायची, ओले काजू ओच्यात भरायचे आणि खोकला ऐकू आला की धूम ठोकायची. एकाही वर्षी दोघं सापडली नाहीत. विनीत आईला सांगायचा, "आये, ताई लपूक लागली तर भुताकसुदा दिसाची नाय."

बाई बी. एस्सी. झाल्या, गावच्याच शाळेत लागल्या. शहाऐंशी साली सरकारी योजनेतून शाळेला दोन कॉम्प्युटर आले. त्यांच्यासाठी खोली रंगवली, खिडक्यांना पडदे लावले, दाराशी चपला काढायची पद्धत पडली. मुलं देवळात शिरावं तशी आत शिरत, पण आत गेली की हातघाईवर येत. प्रत्येकाला बटण दाबायचं असे. पाढ्यांचा आणि नकाशांचा एक कार्यक्रम सोबत आला होता, तो मुलांनी आठवडाभरात चघळून टाकला. प्रशिक्षणाला रत्नागिरीला जाऊन आलेल्या एकट्या गिरकरबाई. सगळा गलका त्यांच्याच डोक्यावर.

"बाई, गेम करा ना एखादा," मुलं म्हणायची.

शाळा सुटली की बाई खोलीत बसू लागल्या. पहिल्यांदा त्यांनी मासे पकडायचा गेम करून बघितला. पडद्यावर होडी, जाळं आणि चार मासे एकदम हलायला लागले की ते बिचारं यंत्र अडखळायचं. मासे उड्या मारत पुढे सरकत, होडी मध्येच गोठून जाई. एक मासा काढला, दोन काढले, तरी तेच. शेवटी कंटाळून त्यांनी सगळं पुसलं आणि पडद्यावर एकच माणूस ठेवला. तो मात्र छान चालला. इकडून तिकडे, तिकडून इकडे, संथपणे. त्याला बघता बघता बाईंना हसू आलं. ही चाल त्यांच्या ओळखीची होती.

मग बाग आपोआप उभी राहिली. खाली गडगा, वर काजूची झाडं, कोपऱ्यात विहीर. मुलगी म्हणजे एक ठिपका आणि त्याला शेपटासारखी वेणी. राखणो विहिरीपाशी थांबायचा, कॉम्प्युटर दोनदा बारीक आवाज करायचा, तोच त्याचा खोकला, आणि राखणो वळायचा. त्याने मुलीला बघितलं तर खेळ संपला. मारणं नाही, रक्त नाही. पडद्यावर रोमन अक्षरांत फक्त उमटायचं, "घराक जा".

पहिल्या दिवशी मुलांना मजा कळलीच नाही. "बाई, ह्येका मारूचा कसा?" निकेत नावाच्या मुलाने विचारलं.

"मारूचा नाय," बाई म्हणाल्या. "गप रवाचा."

आणि काय आश्चर्य, वर्ग गप राहिला. एक जण खेळायचा आणि बाकीचे त्याच्या मागे श्वास धरून उभे. विहिरीशी तो आवाज आला की सगळ्यांच्या माना एकदम खाली जायच्या, जणू राखणो त्यांनाच बघणार होता. हेडमास्तर एकदा बाहेरून जाताना थबकले. कॉम्प्युटरच्या तासाला एवढी शांतता म्हणजे मुलं पळाली असं समजून त्यांनी दार उघडलं, तर आत चाळीस मुलं. त्यांनी हळूच दार लावून घेतलं.

पुढची पाच-सहा वर्षं राखणो त्या खोलीत नांदला. जुने विद्यार्थी सुट्टीत भेटायला आले की "बाई, राखणो आसा मा?" असं आधी विचारायचे. निकेत शिकायला मुंबईला निघाला तेव्हा बाईंना विचारून एका फ्लॉपीवर त्याची नक्कल घेऊन गेला. नंतर कॉम्प्युटर बिघडले, दुरुस्त करणारं कुणी मिळेना, खोलीत पुन्हा वर्ग भरू लागला. बाईंच्या फ्लॉप्या कपाटात राहिल्या. कोकणच्या हवेत चामड्याच्या चपलेला बुरशी येते, तिथे फ्लॉपीची काय कथा.

राखणो पुन्हा भेटला तो नव्वदीच्या मध्यावर, मालवणात. विनीतने तिथे बिऱ्हाड केलं होतं. बाई गणपतीला त्याच्याकडे गेल्या, तर गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली, आरती आटोपल्यावर, घरातली मंडळी टीव्हीपुढे बसलेली. टीव्हीला जोडायचा चिनी व्हिडिओ गेम विनीतने बाजारातून आणला होता. एका कॅसेटमध्ये पुष्कळ गेम. त्यातल्या एकात चांदण्यातला किल्ला होता, सोन्याच्या मोहरा होत्या आणि पहाऱ्यावर बंदूकवाला शिपाई. बाई प्रसादाची ताटली हातात घेऊन सहज उभ्या राहिल्या. शिपाई बुरुजापाशी गेला. थांबला. वळला.

बाईंच्या मनात काहीतरी हललं, पण त्यांनी स्वतःलाच वेड्यात काढलं. तेवढ्यात खेळणारी विनीतची बायको तटाच्या अगदी शेवटच्या पायरीवर पकडली गेली. शिपायाने गोळी झाडली, आणि पडद्यावर अक्षरं आली, "घराक जा".

सगळी हसली. "बघ गो ताई," विनीत म्हणाला, "चिनी शिपाई मालवणी बोलता."

बाईंनी ताटली खाली ठेवली. कॅसेट बनवणाऱ्यांनी बागेचा किल्ला केला होता, काजूचं सोनं केलं होतं, दाजीच्या हातात बंदूक दिली होती. खोकला काढून टाकला होता. फक्त शेवटचे ते दोन शब्द बदलायचे राहून गेले होते. आपलीच साडी दुसऱ्या रंगात बुडवून कुणीतरी बाजारात नेसून चाललंय, आणि पदराच्या आत आपण घातलेला टाका तेवढा दिसतोय, तसं त्यांना झालं. राग आला का? थोडा आला. पण त्याहून जास्त वाईट वाटलं ते बंदुकीचं. विनीतला त्यांनी काही सांगितलं नाही. सणाच्या घरात कशाला.

त्यानंतरची वर्षं शाळेत गेली. आई गेली, बाई निवृत्त झाल्या, घराच्या मागे त्यांनी अबोली आणि मिरवेल लावली. गेमची आठवण कधीतरी यायची आणि जायची.

दोन वर्षांपूर्वी सलोनी तेंडोलकर नावाची मुलगी त्यांच्या दाराशी आली. मूळची कुडाळची, पुण्यात नोकरी. जुने, विसरलेले गेम शोधून काढायचे आणि फोनवर पुन्हा खेळता येतील असे करायचे, हे तिच्या छोट्या कंपनीचं काम. तिने लहानपणी आजोळी तीच कॅसेट खेळली होती.

"सगळ्या गेममध्ये इंग्रजी, आणि हा एकटा शिपाई मला घराक जा म्हणायचा," ती म्हणाली. "मला तेव्हापासून वाटायचं, हा माणूस आपल्याकडचाच असणार. मी इंटरनेटवर विचारलं, कुणाला ठाऊक आहे का. निकेत म्हणून एकांनी दुबईहून लिहिलं, तो शिपाई नाही, राखणो. वेंगुर्ल्याच्या गिरकरबाईंचा. त्यांच्याकडची फ्लॉपी मुंबईत मित्रामित्रांत फिरली आणि कुणाच्या तरी हाती लागली."

बाई उठून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "चहा घेशील मा?"

बुरशी आलेल्या फ्लॉप्यांतून काहीच निघालं नाही. तेव्हा सलोनीने ठरवलं, कॅसेटमधला सांगाडा घ्यायचा आणि बाकीचं बाईंच्या आठवणीतून बांधायचं. ती शनिवार-रविवार वेंगुर्ल्याला येऊ लागली. ओसरीवर दोघी बसत. झाड कुठे, विहीर कुठे, गडगा कुठे ढासळलेला, बाई बोटाने हवेत दाखवत. सलोनीच्या कंपनीतल्या काहींना राखणदाराच्या हाती निदान काठी तरी उगारलेली हवी होती. बाईंनी नको म्हटलं. झाडं वाढवा, बाग मोठी करा, पण मार नको.

"आणि बाई, हा खोकला?" सलोनीने एकदा विचारलं. "वळायच्या आधी तो खोकतो कशाला? खेळणाऱ्याला कळतं ना मग. पहारा देणारा माणूस असं करेल?"

"अगो, तो खोकायचोच," बाई म्हणाल्या. "बिडी ओढित असतलो."

पण गेममध्ये दाजीचं नाव घालायचं तर त्याच्या माणसांना विचारायला हवं होतं. दाजी जाऊन तीस वर्षं झाली होती. त्याची मुलगी शेवंती इन्सुलीला दिलेली. एका रविवारी दोघी सलोनीच्या गाडीने सावंतवाडीवरून इन्सुलीला गेल्या. शेवंती अंगणात कोकमं सुकत घालत होती. बाईंपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी, बारीक, ताठ. तिने दोघींना बसवलं, पाणी दिलं. बाईंनी सगळं सांगितलं. गेम म्हणजे काय ते सांगायला जरा वेळ लागला. मग सलोनीने फोनवर अर्धवट झालेली बाग दाखवली. विहिरीशी राखणो थांबला आणि खोकला.

शेवंतीने मान वर केली. "खोकलो कशाक घातलास?"

"दाजींका होतो मा खोकलो. बिडीचो."

"माज्या बापाशीक खोकलो खंयचो?" शेवंती म्हणाली. "बिडी नाय, तंबाखू नाय. घरात तो कधी खोकूक नाय."

"पण बागेत..."

"बागेत खोकी. मुद्दाम." शेवंतीने पदराला हात पुसले. "मालकान सांगल्यान हुता, पोरां गावली तर फोकान फोडून काढ. मालकाक नाय कसा म्हणतलो? आणि दुसऱ्याच्या पोरांक मारतलो तरी कसो? म्हणान आधी खोकायचो, मगे वळायचो. तेवड्यात पोरां जायत."

 मग शेवंतीला काहीतरी आठवलं आणि तिच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

"घराक येवन आवशीक सांगायचो, आज बंदरावयली पोरां इली हुती. एका चेडवाची वेणी गडग्याच्या वर दिसता. तेका लपूकच येणा नाय."

सलोनीने बाईंकडे बघितलं. बाईंचा हात मानेमागे गेला होता, जिथे आता आखूड पांढरा अंबाडा होता. आधी त्या हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग पाणी तेवढं राहिलं आणि हसू थांबलं. आपण वाऱ्यासारखं लपतो या भरवशावर त्यांचं सगळं बालपण उभं होतं. त्या भरवशावर त्यांनी गेम केला, त्यावर मुलं गप राहिली, तो मुंबईला गेला, किल्ला झाला, परत आला. आणि तो माणूस रोज त्यांना बघत होता, आणि विहिरीत वाकून पाण्याकडे बघितल्यासारखं करत होता.

"ती वेणी माजी, शेवंतीबाय," त्या म्हणाल्या.

"कळला माका," शेवंती म्हणाली. "बस, सोलकढी पी."

परतीच्या वाटेवर सलोनीने विचारलं, "बाई, हे गेममध्ये सांगायचं का? की त्याला सगळं दिसत असतं?"

बाईंनी मान हलवली. "नको," त्या म्हणाल्या. "खेळणाऱ्याक वाटूक व्हया, आपण लपलंव. नायतर मजा ती काय?"

राखणो गेल्या चैत्रात फोनवर आला. सुरुवातीला दाजीचं नाव येतं, मग बाईंचं. गाजला म्हणावा असा गाजला नाही. पण बाईंचे जुने विद्यार्थी कुठून कुठून लिहू लागले. कुणी मस्कतहून, कुणी बोरिवलीहून, एक जण बोटीवरून. निकेतने दुबईत ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत खेळताना मान खाली घातल्याचं लिहिलं. एका अनोळखी मुलाने तक्रार केली, राखणदार फारच बावळट आहे, येण्याआधी खोकतो. सलोनी त्याला उत्तर लिहायला निघाली होती. बाईंनी तिला थांबवलं.

मे महिन्यात बाई एसटीने इन्सुलीला गेल्या. शेवंतीच्या नातसुनेने तिच्या फोनवर गेम घालून दिला होता. दोघी पडवीत बसल्या. बाईंनी बोट कसं फिरवायचं ते दाखवलं, काजूची झाडं दाखवली, कुठून शिरायचं ते सांगितलं. शेवंतीने मुलीला गडग्यापर्यंत आणलं आणि तिथेच बसवून ठेवलं. फोन डोळ्यांजवळ धरून ती बघत राहिली.

"आता जा, तो विहिरीकडे वळलो," बाई म्हणाल्या.

शेवंती हलली नाही. राखणो विहिरीकडे गेला, परत आला, पुन्हा गेला.

"अगो, खेळ मा."

"खेळूक नको माका," शेवंती म्हणाली. "बागेत माका कधी नेवक नाय तेनी. तो थंय कसो चलायचो, ता बघतंय."

 बाई उठून आत गेल्या आणि चुलीवरचा चहा उतरवून दोन कपांत ओतून घेऊन आल्या.